गर्भवतीच्या शरीरातला तंबाखूचा धूर कसा मोजतात?

आयुर्विमा काढताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीमुळे ‘कोटिनिन’ हा शब्द पुण्यातील अनेक नोकरदार घरांत ओळखीचा झाला आहे. लघवीच्या नमुन्यात कोटिनिन ठरावीक मर्यादेच्या वर निघाले, की अर्जदार तंबाखू घेतो असे विमा कंपनी धरते आणि हप्ता वाढतो. हीच तपासणी खासगी लॅबमध्ये पैसे भरून कोणालाही करून घेता येते. त्यामुळे घरात सून किंवा लेक गरोदर असली, की साहजिकच प्रश्न निघतो: नवरा गॅलरीत उभा राहून दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो, तो धूर तिच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे या तपासणीतून कळेल का? तपासणी होते, अहवालावर ‘निगेटिव्ह’ असे छापून येते आणि गॅलरीतला कार्यक्रम निर्धास्तपणे चालू राहतो.

तो अहवाल खोटा नसतो. मात्र ही व्यक्ती स्वतः तंबाखू घेते का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यात असते. दुसऱ्याने सोडलेला धूर तिच्या शरीरात किती जातो, हे त्या तपासणीला कोणी विचारलेलेच नसते. दोन प्रश्नांतला हा फरक कळण्यासाठी शरीरात तंबाखूच्या कोणत्या खुणा उरतात, किती काळ उरतात आणि गरोदरपणात त्या कशा बदलतात, हे आधी पाहावे लागते.

सरळ विचारले तर काय बिघडले?

दवाखान्यात विचारावे आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तो सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालच्या शिफारशींत, प्रत्येक गर्भवतीला तिच्या स्वतःच्या तंबाखूसेवनाबद्दल आणि घरी-दारी होणाऱ्या धुराच्या संपर्काबद्दल विचारावे, असेच म्हटले आहे. अडचण उत्तरांची आहे. गरोदर स्त्रीने तंबाखू घेणे हे लाजिरवाणे मानले जात असल्याने खरे उत्तर देणे अवघड जाते आणि हे जगात सगळीकडे घडते. स्कॉटलंडमध्ये गर्भवतींच्या रक्तातील कोटिनिन तपासून त्यांच्या उत्तरांशी ताडून पाहिले, तेव्हा नुसत्या उत्तरांवर विसंबल्यास धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया नजरेतून सुटतात, असे दिसले.

दुसऱ्याच्या धुराबाबत तर प्रामाणिक उत्तरही अपुरे पडते. आपल्या श्वासावाटे किती धूर आत गेला, याचा अंदाज कोणालाच नीट करता येत नाही. वाड्यातल्या दोन खोल्यांत राहणारी स्त्री आणि मोठ्या फ्लॅटमध्ये राहणारी स्त्री, दोघीही ‘हे ओढतात, पण बाहेर’ असेच सांगतील. प्रत्यक्षात दोघींच्या शरीरात जाणारा धूर कितीतरी वेगळा असू शकतो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील ३८.७ टक्के प्रौढांना स्वतःच्या घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावे लागते. म्हणजे हा प्रश्न मूठभर घरांचा नाही.

कोटिनिन येते कुठून?

तंबाखूतले निकोटिन रक्तात गेले, की यकृत त्याची विल्हेवाट लावू लागते. त्यातील साधारण ७० ते ८० टक्के निकोटिनाचे रूपांतर कोटिनिन या पदार्थात होते. शरीरात एखाद्या पदार्थाचे असणे दाखवून देणाऱ्या अशा मोजता येण्याजोग्या खुणेला जैवसूचक म्हणतात. कोटिनिन हा तंबाखूचा सर्वाधिक वापरला जाणारा जैवसूचक आहे.

निकोटिनच का मोजत नाहीत, असे कोणी विचारेल. निकोटिन फार लवकर निघून जाते. दर दोनेक तासांनी रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होते. प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या या वेळेला अर्धायुकाल म्हणतात. कोटिनिनाचा अर्धायुकाल एरवी १६ ते १८ तासांचा असतो, त्यामुळे गेल्या दोन-तीन दिवसांत काय घडले याची कल्पना त्यावरून येते. ते रक्तात, लाळेत आणि लघवीत सापडते. लाळेचा नमुना घेणे सर्वांत सोपे, कारण कापसाचा बोळा गालाच्या आतल्या बाजूला दोन-तीन मिनिटे धरून ठेवला की काम होते आणि सुई टोचावी लागत नाही. लघवीत कोटिनिनाचे प्रमाण रक्तापेक्षा बरेच जास्त, साधारण पाच-सहा पट असते. म्हणूनच रक्ताचा आकडा आणि लघवीचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते. शिवाय लघवी पाणी पिण्यानुसार पातळ किंवा दाट होते, ही आणखी एक गुंतागुंत. ती सुधारण्यासाठी त्याच नमुन्यातील क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, मोजून हिशेब करावा लागतो.

गरोदरपणात आकडा का घसरतो?

रक्तातल्या कोटिनिनाची पातळी ही गच्चीवरच्या टाकीतील पाण्यासारखी असते. टाकी किती भरलेली दिसते, हे महापालिकेचे पाणी किती आले यावर जसे अवलंबून असते, तसेच खालच्या मजल्यांवरचे नळ किती मोकळे सोडले आहेत यावरही असते. नळ दुप्पट मोकळे सोडले तर पाणी पूर्वीइतकेच येत असूनही टाकी अर्धी दिसेल, आणि टाकीकडे नुसती नजर टाकणाऱ्याला वाटेल की यंदा पाणीकपात झाली.

गरोदरपणात नेमके हेच होते. यकृताची निकोटिन आणि कोटिनिन हटवण्याची गती वाढते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्याच स्त्रियांची गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर मोजणी केली गेली. गरोदरपणात निकोटिन शरीराबाहेर टाकण्याचा वेग सुमारे ६० टक्क्यांनी, तर कोटिनिनाचा सुमारे १४० टक्क्यांनी जास्त आढळला. कोटिनिनाचा अर्धायुकाल बाळंतपणानंतर १६.६ तास होता, तो गरोदरपणी ८.८ तासच होता. याचा सरळ अर्थ असा, की तेवढाच धूर शरीरात जात असला तरी गर्भवतीच्या रक्तातील कोटिनिन एरवीच्या निम्म्याहूनही कमी दिसू शकते. शिवाय नमुना घेण्याआधीचा एक दिवस धुराशिवाय गेला असेल, तर बरीचशी खूण पुसली गेलेली असते. सोमवारी सकाळी तपासणीला आलेल्या आणि शनिवार-रविवार नवरा गावी गेलेल्या स्त्रीचा आकडा तिच्या नेहमीच्या आठवड्याबद्दल फार थोडे सांगतो.

यात व्यक्तीव्यक्तीचा फरकही असतो. निकोटिनावर काम करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) काहींमध्ये जन्मतःच संथ असते, काहींमध्ये वेगवान. त्यामुळे सारख्याच धुरात राहणाऱ्या दोन जावांचे आकडे वेगळे निघाले, तर त्यात नवल नाही.

‘निगेटिव्ह’ या शब्दाआड काय दडलेले असते?

कोणतीही होय-नाही तपासणी एका सीमारेषेवर उभी असते. लघवीत बुडवायच्या कोटिनिनाच्या पट्ट्या बहुधा १०० किंवा २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रेषा धरतात. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. ही रेषा स्वतः तंबाखू घेणाऱ्याला ओळखण्यासाठी आखलेली आहे. नियमित धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात कोटिनिन शंभर ते तीनशे नॅनोग्रॅमपर्यंत असते. केवळ दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्याच्या रक्तात ते बहुधा एक नॅनोग्रॅमहूनही कमी असते आणि फार धुरकट घरातही दहाच्या पुढे क्वचितच जाते. रक्तासाठी १४ नॅनोग्रॅम ही रेषा अनेक वर्षे वापरात होती. पुढे अमेरिकेतील आकडेवारीवरून ३ नॅनोग्रॅमची रेषा सुचवली गेली, कारण तिथे घराघरांतला धूरच कमी झाला होता. गर्भवतीसाठी ही रेषा आणखी खाली आणावी लागते, हे वरच्या हिशेबावरून लक्षात येईल.

म्हणून विम्याच्या तपासणीतली पट्टी गॅलरीतल्या सिगारेटीबद्दल काही सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यासाठी नॅनोग्रॅमचा अगदी लहानसा अंशही मोजू शकणारे यंत्र लागते. द्रव क्रोमॅटोग्राफीला (नमुन्यातील पदार्थ वेगवेगळे करणारी पद्धत) मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणारे यंत्र) जोडलेली यंत्रणा हे काम करते, ती ०.०५ नॅनोग्रॅमच्या आसपासची पातळीही पकडते. अशी मोजणी प्रामुख्याने संशोधनासाठी होते. अहवाल हातात आला, की आकडा दिला आहे की नुसता शेरा, नमुना रक्ताचा होता की लघवीचा आणि सीमारेषा कितीची धरली आहे, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

मशेरी लावणारी स्त्री कोणत्या रकान्यात?

या विषयावरचे बहुतेक परदेशी लिखाण सिगारेट ओढणारी गर्भवती डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. आपल्याकडे ते चित्र लागू पडत नाही. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात भारतात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के, तर धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या स्त्रिया १२.८ टक्के होत्या. पुणे जिल्ह्यात आणि शहराच्या वस्त्यांत या दुसऱ्या गटात मशेरी ठळकपणे दिसते. तंबाखू लोखंडी तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. सुरुवात ‘दात घासायला’ म्हणून होते. मग दुपारच्या कामानंतर, मग ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणून. गरोदरपणात मळमळ होते म्हणून मशेरी वाढवणाऱ्याही आहेत. अशा स्त्रीला ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणेल आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असेल. प्रश्न ‘मशेरी लावता का?’ असाच विचारायला हवा.

कोटिनिनाच्या दृष्टीने मशेरी, गायछाप, बिडी आणि सिगारेट हे सगळे एकच, कारण निकोटिन सगळ्यांत आहे. तेव्हा आकडा मोठा आला, तर ती स्त्री स्वतः तंबाखू घेते एवढेच कळते. ती ओढते की लावते, हे त्यातून कळत नाही. आणि मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत घरातल्या सिगारेटीचा धूर किती पोहोचतो, हे कोटिनिनावरून शोधणे जवळजवळ अशक्य होते, कारण मशेरीतून येणाऱ्या मोठ्या आकड्यात धुराचा लहान आकडा बुडून जातो. मशेरी घरातच भाजली जात असेल, तर त्या वेळी शेजारच्या खोलीतल्यालाही ठसका लागेल इतका तंबाखूचा धूर होतो, हे मात्र प्रश्नावलीत सहसा कोणी विचारत नाही.

धूर नाही म्हणून मशेरी निरुपद्रवी, असा समज असेल तर तो सोडलेला बरा. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, मुख्यतः मशेरी लावणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही जास्त आढळले. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पुण्याजवळच्या गावांत केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रदीर्घ अभ्यासात बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास होते. अडीच किलोखालचे बाळ कमी वजनाचे धरतात. सरासरी आणि उंबरठा यांत जेमतेम दोनशे ग्रॅमचे अंतर असलेल्या ठिकाणी शंभर ग्रॅम किरकोळ म्हणता येत नाहीत.

श्वासात फुंकर मारून होणारी तपासणी

जळणाऱ्या तंबाखूतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईपेक्षाही जास्त होते. हातात मावणाऱ्या यंत्रात फुंकर मारली, की तो लगेच मोजता येतो. इंग्लंडमध्ये गर्भवतींची ही तपासणी नेहमीच्या भेटींतच केली जाते आणि हवेच्या दहा लाख भागांत ४ किंवा अधिक भाग आढळल्यास त्या स्त्रीला तंबाखू सोडण्यासाठी मदत देणाऱ्या सेवेकडे पाठवतात.

या यंत्राला मशेरी दिसत नाही, कारण ती लावताना काही जळत नाही. उलट चुलीवर स्वयंपाक करणारी किंवा बंद न्हाणीघरात बंब पेटवणारी स्त्री तंबाखूशी काडीचाही संबंध नसताना या तपासणीत ‘सापडू’ शकते. स्वारगेटच्या चौकात वाहनांच्या धुरात दिवसभर उभी राहणारी विक्रेतीसुद्धा. शिवाय हा वायू काही तासांतच शरीरातून निघून जात असल्याने सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात काल संध्याकाळचा धूर उमटेलच असे नाही. कोटिनिन आणि श्वासाची तपासणी एकत्र केली, तर मात्र उलगडा बराच होतो. कोटिनिन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असेल, तर मशेरी किंवा तत्सम काही असण्याची शक्यता मोठी. कोटिनिन नगण्य आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर चुलीकडे पाहावे. चुलीचा धूरही गर्भाला घातकच असतो, पण त्याचा उपाय वेगळा असतो.

केस, पहिली शी आणि माहेर

दोन-तीन दिवसांऐवजी काही महिन्यांचा हिशेब हवा असेल, तर केस उपयोगी पडतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातील निकोटिन त्यात अडकते, त्यामुळे मुळापासूनच्या एकेका सेंटिमीटरचा तुकडा एकेका महिन्याबद्दल बोलतो. आपल्याकडे याचे एक खास महत्त्व आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. सासरी सासरे बिडी ओढत असतील आणि माहेरी कोणीच ओढत नसेल, तर नवव्या महिन्यात घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात सासरच्या सहा महिन्यांचा मागमूसही उरत नाही. केसांत तो उरतो. अर्थात केसांवर बाहेरूनही धूर बसतो आणि रंग लावल्याने मोजणी बिघडते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बाळाची पहिली काळपट हिरवी शी, जिला मेकोनियम म्हणतात, ती गर्भाच्या आतड्यात चौथ्या महिन्याच्या सुमारास जमू लागते. तिच्यातील कोटिनिनावरून गर्भारपणाच्या उत्तरार्धात बाळापर्यंत प्रत्यक्ष काय पोहोचले, हे कळते. हा नमुना आईला कोणताही त्रास न देता मिळतो.

एनएनएएल नावाचा आणखी एक जैवसूचक लघवीत सापडतो. तंबाखूतील एका कर्करोगकारक द्रव्यापासून तो तयार होतो आणि कित्येक आठवडे टिकतो. सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टी वापरणाऱ्याच्या शरीरात कोटिनिन असतेच, पण एनएनएएल ओसरत जाते. त्यामुळे सोडल्याचा दावा पडताळता येतो. मशेरी आणि सिगारेट यांत फरक करणे मात्र त्यालाही जमत नाही.

‘पण वांग्यातही निकोटिन असते ना?’

असते. वांगी, टोमॅटो आणि बटाटा ही तंबाखूच्याच कुळातली झाडे आहेत, आणि वांग्यात एका ग्रॅममागे सुमारे १०० नॅनोग्रॅम निकोटिन मोजले गेले आहे. एका सिगारेटीतून शरीरात साधारण एक मिलिग्रॅम निकोटिन जाते. तेवढे वांग्यातून मिळवायचे, तर दहा किलो भरीत संपवावे लागेल. भरपूर वांगी खाल्ल्याने अतिसूक्ष्म पातळीवरच्या संशोधनात थोडी गल्लत होऊ शकते. अहवालात आलेल्या मोठ्या आकड्याचे खापर भरतावर फोडता येणार नाही.

‘इतक्या नगण्य आकड्याने काय होते?’

कोटिनिन स्वतः फारसे अपाय करत नाही. ते धुराचा माग आहे, आणि त्या धुरासोबत आलेली हजारो रसायने हा खरा प्रश्न आहे. दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्या गर्भवतींवरील अनेक अभ्यास एकत्र केले असता बाळाचे वजन सरासरी ३० ते ४० ग्रॅमने कमी भरते, असे दिसते. एकट्या बाळाच्या बाबतीत हे जाणवणारही नाही. आधीच काठावर असलेल्या हजारो बाळांच्या बाबतीत जाणवते. गॅलरीत ओढल्याने घरातला धूर कमी होतो हे खरे, पण पूर्ण थांबत नाही. कपड्यांवरून आणि उघड्या दारातून तो आत येतोच.

‘ही बाईवर पाळत ठेवणे नव्हे का?’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नवऱ्याच्या सिगारेटीचा पुरावा बायकोच्या रक्तात शोधायचा आणि अहवाल सासूच्या हाती पडला की दोष सुनेला द्यायचा, असे घडणे आपल्या घरांत मुळीच अशक्य नाही. म्हणून नमुना घेण्यापूर्वी तो कशासाठी आहे हे सांगून संमती घेणे, अहवाल तिच्याच हाती देणे आणि धूर दुसऱ्याचा असेल तर समुपदेशनाला त्या दुसऱ्याला बोलावणे, एवढे होत नसेल, तर तपासणी न केलेली बरी. प्रत्येक गर्भवतीचे कोटिनिन मोजावे, असेही माझे मत नाही. नीट शब्दांत विचारलेला प्रश्न बहुतेक ठिकाणी पुरतो. मोजणी उपयोगी पडते ती संशोधनात, सोडण्याचा प्रयत्न करणारीला आपली प्रगती पाहायची असेल तेव्हा आणि घरातल्या पुरुषाला आकडा पाहिल्याशिवाय पटत नसेल तेव्हा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो नवऱ्यालाही मिळतो.

बाळंतपणानंतर पुन्हा मोजणी करायची असेल, तर एक गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावी. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत यकृताचा वेग पूर्वपदावर येतो आणि तेवढाच धूर असला तरी कोटिनिनाचा आकडा वाढलेला दिसतो. गरोदरपणीच्या अहवालाशी त्याची थेट तुलना केली, तर काहीही न बदललेल्या घरात धूर दुप्पट झाल्याचे भासेल. उलट धूर निम्मा करणाऱ्या नवऱ्याला आपले कष्ट वाया गेल्यासारखे वाटेल. स्तनपानाबद्दलही याच वेळी विचारले जाते. आईच्या दुधात निकोटिन उतरते, पण त्यासाठी अंगावर पाजणे बंद करण्याचा सल्ला डॉक्टर देत नाहीत. बंद करायची असते ती मशेरी आणि गॅलरीतली सिगारेट.